गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतो, गरम पाण्याला धार नाही: गिझर बदलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या उपनगरात १० वर्षं जुना फ्लॅट रीसेलमध्ये घेतलाय. बारा मजली इमारत, सातवा मजला. पाणी थोडं महापालिकेचं, थोडं बोअरचं, आणि उन्हाळ्यात टँकर. २५ लिटरच्या गिझरखालचा व्हॉल्व्ह ठिबकतो. एका बाथरूममध्ये गरम पाण्याला धार नाही. सोसायटीचा सोलर आहे, पण सकाळी पाणी कोमट येतं. बघायला आलेल्या प्लंबरने पाच मिनिटांत 'गिझर बदला' असं सांगितलं. तर बदलायचा का, आणि पुढे वर्षभर आपण स्वतः काय बघत राहायचं?

मी २८ वर्षं याच भागात नळकाम करतोय. तुमचे तीन त्रास तीन वेगळ्या कारणांचे असू शकतात आणि त्यांतल्या एकालाही नवा गिझर लागेलच असं नाही. एक एक करून बघू.

ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. गिझरला थंड पाणी जिथून आत जातं, त्या निळ्या खुणेच्या तोंडावर एक पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याची कामं दोन. आत गेलेलं पाणी उलटं लाइनमध्ये येऊ द्यायचं नाही, आणि टाकीतला दाब वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडून द्यायचं. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेलं तर ते साधारण साडेतीनशे मिलिलिटर वाढतं. मागे जायला वाट नाही आणि नळ बंद आहे, मग ते वाढलेलं पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून ठिबकणार. म्हणजे गिझर चालू असताना ठिबकणं ही तक्रार नाही, व्हॉल्व्ह जिवंत असल्याची ती खूण आहे.

गिझर बंद आहे, पाणी गार आहे आणि तरीही दिवसभर ठिबकतंय, तर मात्र बघायला हवं. १० मीटर उंचीचं पाणी सुमारे १ बार दाब देतं. तुमच्या डोक्यावर पाच मजले आणि वरची टाकी धरली तर १८ ते २० मीटर, म्हणजे २ बार. हे व्हॉल्व्ह बहुतेक ८ बारच्या आसपास उघडायला बनवलेले असतात. तेव्हा नुसत्या टाकीच्या दाबाने तो उघडायचं कारणच नाही. एक तर टँकरच्या पाण्यातला बारीक खडा सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह मिटतो त्या कडेवर, अडकलाय, नाहीतर आतलं रबर गेलंय. व्हॉल्व्हला छोटा दांडा असेल तर गिझर पूर्ण गार असताना तो दोन-तीनदा उचलून सोडा. पाण्याचा झोत येतो आणि खडा असेल तर त्याबरोबर निघून जातो. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. हा पंधरा मिनिटांचा खेळ आहे, त्यासाठी गिझर बदलायचा नसतो. सोसायटीने प्रेशर पंप बसवला असेल तर तेवढी चौकशी करा, मग हिशेब थोडा बदलतो.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. त्या ठिबकणाऱ्या तोंडात एम-सील भरायचं नाही, बूच मारायचं नाही. एका घरात मी हे पाहिलंय. बाथरूमचा फॉल्स सीलिंग खराब होतोय म्हणून कुणीतरी तिथे नीट आटे पाडून एंड कॅप बसवली होती. काम इतकं सुबक की बघत राहावं! तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट चिकटला, पाणी तापतच राहिलं. नशिबाने जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट उडाला, पण तोवर गिझरच्या टाकीचं पोट बाहेर आलं होतं. कव्हर काढल्यावर तो फुगवटा हाताला लागत होता. ठिबकणारं पाणी नको असेल तर त्या तोंडाला बारीक पारदर्शक नळी लावून ती नहाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे फरशीतल्या जाळीपर्यंत, आणून सोडा. नळीचं टोक मोकळं पाहिजे, एवढंच.

पाणी व्हॉल्व्हमधून न येता गिझरच्या कव्हरच्या खालच्या कडेवरून येत असेल, सोबत तांबूस डाग असतील आणि फक्त गरम नळालाच गढूळ तांबडं पाणी येत असेल, तर टाकी आतून खाल्ली गेली. तिला वेल्डिंग नाही, लिंपण नाही. अशा वेळी तो प्लंबर म्हणतो ते बरोबर, बदलाच. पण त्याआधी वॉरंटीचं कार्ड शोधा. टाकीची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा बरीच जास्त वर्षांची असते आणि ते कुणाच्या लक्षात नसतं.

आता धार. इथे अंदाज नको, मोजा. दहा लिटरची बादली घ्या. त्या बाथरूममधल्या मिक्सरमधून नुसतं थंड सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, मग नुसतं गरम सोडून. दुसऱ्या बाथरूममध्येही तेच करा. चार आकडे कागदावर आले की निम्मं निदान झालं. थंड आणि गरम दोन्ही मंद असेल तर दोष बहुतेक मिक्सरच्या तोंडाच्या जाळीत. ती हाताने किंवा कापड गुंडाळून पक्कडीने सुटते, आत वाळू आणि पांढरे कण सापडतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरलाही हाच इलाज. संडास धुवायचं ॲसिड नळाला लावू नका, क्रोम उडतं आणि खालचं पितळ काळं पडतं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र तर कधीच नाही, बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू होतो.

थंड जोरात आणि गरमच मंद असेल तर गिझरपर्यंत मागे जायचं. पॅनेलवरचा गिझरचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, खाली करा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. पाणी गार होऊ द्या. थंड पाण्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळची छोटी चावी, बंद करून गरम नळ उघडा, म्हणजे दाब जाईल. मग लाल खुणेचा, बाहेर जाणारा कनेक्शन पाइप सोडवा आणि त्याखाली बादली धरा. घाबरू नका, या बाजूने टाकी रिकामी होत नाही, कारण बाहेर जाणारी नळी आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. आता अँगल कॉक हळू उघडा. गिझरच्या तोंडातून चांगली धार आली तर गिझर निर्दोष. दोष पुढच्या लाइनमध्ये, नाहीतर मिक्सरची गरम बाजू उघड-बंद करणाऱ्या स्पिंडलमध्ये. इथेही धार मंद असेल तर आत येणाऱ्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह, तिथला अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप बघायचा. जाळीचा कनेक्शन पाइप बाहेरून चकाचक दिसतो, पण आतलं रबर कधी कधी फुगून भोक पेन्सिलीएवढंच उरलेलं असतं. दहा वर्षांचे असतील तर धार नीट असली तरी घरातले सगळे बदलून टाका. घरात पाणी भरण्याच्या ज्या घटना मी पाहिल्या, त्यांत भिंतीतल्या पाइपपेक्षा हे फूट-दीड फुटाचे तुकडे जास्त वेळा गुन्हेगार होते.

गिझरच्या आतलं थोडं सांगतो. पाणी तापताना आतून लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येतो का? येत असेल तर एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या वेटोळ्यावर, क्षाराचा थर चढलाय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. बोअरचं पाणी सहज वरच्या आकड्याकडे झुकतं. हे पाणी तापलं की चुना सुटतो आणि तापमान जितकं जास्त तितका जास्त सुटतो. म्हणून थर्मोस्टॅटची चकती ७५ वर ठेवू नका, ५५ ते ६० पुरे. मात्र ४५ वर कायम ठेवून बचतही करू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

मागच्या महिन्यात एक गिझर उघडला. एलिमेंटची वेटोळी दिसतच नव्हती, एकच पांढरट गोळा होता, गुळाच्या ढेपेवर चुना लिंपल्यासारखा. खालून मूठ मूठ खपल्या निघाल्या, अर्धं घमेलं भरलं. खपल्यांमुळे एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. ते स्वतःच लाल होत राहतं आणि एक दिवस त्याची नळी तडकते. मग करंट पाण्यात उतरतो.

एलिमेंट ज्या झाकणावर बसवलेलं असतं, त्यावरच शेजारी एक सळई असते, मॅग्नेशियमची. तिला अनोड म्हणतात. पाण्यानं टाकीऐवजी तिला खावं म्हणून ती ठेवलेली असते. नवी असताना बोटाएवढी जाड, तीन-चार वर्षांनी बघितली तर मधली तार आणि तिला चिकटलेले दोन-चार तुकडे. सळई संपली की पाणी टाकीकडे वळतं. दहा वर्षांत तुमच्या आधीच्या मालकाने ती एकदाही बदलली नसेल असं मी जवळजवळ खात्रीनं म्हणेन, कारण कुणीच बदलत नाही. बोअरच्या पाण्याला दर वर्षी गिझर उघडून साफ करावा, अनोड बघावा, आणि झाकण उघडलं की रबरी गॅसकेट नवंच घालावं. जुनं गॅसकेट परत बसवलं की आठ दिवसांत ठिबक सुरू होते आणि लोक म्हणतात, सर्व्हिसिंग केल्यापासून गिझर बिघडला. हे काम स्वतः करू नका, पण करणाऱ्याच्या शेजारी उभे राहा आणि काढलेला अनोड दाखवायला सांगा.

विजेचं थोडक्यात. २००० वॉटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि खरं अर्थिंग पाहिजे. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, आहे का बघा. त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा, वीज गेली पाहिजे. गिझर लावला की तो पडत असेल तर बहुतेक एलिमेंट गेलंय. तो पडतो म्हणून त्याला बायपास करून देणारे महाभाग आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा. टाकी धुतल्यावर किंवा गावाहून आल्यावर आधी गरम नळ उघडायचा, सलग धार येऊ द्यायची, मगच बटण. रिकाम्या टाकीत एलिमेंट मिनिटांत जळतं.

दुसऱ्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आणि तो बाथरूमच्या आत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळाला की वास येतो, हा आला की येत नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. आपल्या राज्यात अशा बातम्या थंडीत दर वर्षी वाचायला मिळतात. एक्झॉस्ट लावलाय म्हणून चालेल का, असं विचारतात. लाइट गेली की एक्झॉस्ट बंद आणि गिझर सेलवर चालू! ज्योत निळी न राहता पिवळी दिसायला लागली तर त्या क्षणी वापर बंद.

सोलरचं कोमट पाणी हा खरा गमतीचा भाग आहे, आणि यात सोसायटीच्या बैठकांमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी पार्किंगवरूनच होत असतील. सगळे गच्चीवरच्या सोलरच्या काचेच्या नळ्यांना दोष देतात: धूळ बसली, नळी फुटली. ते असतंही. पण मी आधी बघतो ते घरातले मिक्सर. सोलरची लाइन बहुतेक नुसत्या उंचीच्या दाबावर येते, थंड लाइनला काही ठिकाणी पंपाचा जोर असतो. आता कुणाकडे हँड शॉवर मिक्सरला जोडलाय, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवल्यात आणि पाणी हँड शॉवरच्या टोकाच्या बटणाने बंद केलंय. बाहेर जायला वाट नाही, पण आत थंड आणि गरम एकमेकांना मिळालेत. जोराचं थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि वर चढतं. एका घरात ही चूक असली तरी त्या उभ्या लाइनीवरच्या सगळ्या फ्लॅटना कोमट पाणी. जुन्या सिंगल लिव्हर मिक्सरचं कार्ट्रिज, म्हणजे थंड-गरम मिसळणारा आतला भाग, झिजलं तरी हेच होतं.

तुमच्या घरात हे आहे का ते पाच मिनिटांत कळतं. डक्टमधला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतला, तुमच्या फ्लॅटचा सोलरचा व्हॉल्व्ह बंद करा, गिझरला जाणारं पाणीही बंद करा. सगळे नळ बंद. आता एकच गरम नळ उघडा. लाइनमधलं उरलेलं पाणी थोडा वेळ येईल आणि थांबेल. थांबलंच नाही, येतच राहिलं, तर थंड पाणी घरात कुठेतरी गरम लाइनला मिळतंय. एकेका मिक्सरचे अँगल कॉक बंद करत जा, ज्याच्यापाशी धार थांबेल तो चोर. ही चाचणी सोसायटीत प्रत्येकाने एका रविवारी केली तर निम्म्या तक्रारी संपतील. गच्चीवरचं काम सोसायटीने वर्षाच्या करारावर दिलेलं असतं, त्यांना एवढंच विचारा: टाकीचा गाळ शेवटचा कधी काढला, आणि नळ्यांच्या आतले क्षार कधी साफ केले? आणि सोलर कोरडा पडला असेल तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नका म्हणावं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की नळ्या तडकतात. संध्याकाळी उशिरा किंवा सकाळी लवकर भरायचा.

आता बाकी घर, भराभर.

नव्या घरात पहिल्या आठवड्यात करायचं काम म्हणजे कुठला व्हॉल्व्ह काय बंद करतो हे शोधणं. डक्टमध्ये चार-पाच चाव्या एका रांगेत असतात आणि घरातल्या कुणालाच त्यांचा पत्ता नसतो. एकेक बंद करून बघा आणि प्रत्येकीवर कायमच्या मार्करने चिठ्ठी लावा: 'स्वयंपाकघर', 'मोठं बाथरूम', 'सोलर'. घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनासुद्धा, दाखवून ठेवा. रात्री दोन वाजता कनेक्शन पाइप फुटतो तेव्हा मी पोचेपर्यंत घरात पाऊण तास पाणी वाहतं, आणि बंद करायची चावी दारामागे दहा फुटांवर असते. सिंकखालचे आणि कमोडशेजारचे अँगल कॉकही तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करा, नाहीतर क्षाराने जाम होतात. जाम झालेल्यावर पान्ह्याने जोर लावू नका, मान तुटते आणि मग आख्खी लाइन बंद करावी लागते.

फ्लश टँक गळत असेल तर आवाज येतोच असं नाही. टाकीत जिलबीचा खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचं वायसर गेलं.

पाहुण्यांच्या बाथरूममध्ये घाण वास येतो, तो बहुतेक वेळा नहाणी ट्रॅप सुकल्यामुळे. त्यात थांबलेलं पाणीच खालच्या वायूला अडवतं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. फिनेलनं तो वास जात नाही.

सिंक तुंबलं की लोक दुकानातून पावडर आणतात. तिच्यात कॉस्टिक असतं. पाणी कमी पडलं तर ती ट्रॅपमध्येच दगडासारखी जमते, पाणी घातलं तर इतकी तापते की पीव्हीसीचा सांधा मऊ होतो. त्यापेक्षा खाली बादली ठेवून सिंकखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा. चहाचा चोथा, भात आणि थिजलेलं तूप हेच त्रिकूट सापडेल. पावडर आधीच टाकली असेल तर येणाऱ्या प्लंबरला ते पहिल्या वाक्यात सांगा. माझ्या डाव्या मनगटावर न सांगितलेल्या पावडरीचा डाग आहे.

छताला ओल आली तर वरच्यांशी भांडायला जाण्याआधी ती कधी वाढते ते बघा. दिवसरात्र सारखी असेल तर दाबाची लाइन गळतेय, वरच्यांच्या आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे, आणि फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक लाइनची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात येते, घराच्या आतल्या बाथरूम-सिंकची त्या सभासदाच्या. म्हणून कारण आधी ठरवावं, पत्र नंतर लिहावं.

जुन्या फ्लॅटमध्ये नवी जोडणी करताना गरम लाइनला सीपीव्हीसीच वापरताहेत ना, एवढं डोळ्यांनी बघा. तो फिकट पिवळसर असतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याचा, गिझरच्या पाण्याने तो मऊ पडतो. आणि सोल्युशन लावल्यावर 'लगेच पाणी चालू करा' म्हणून मागे लागू नका. सांधा सुकायला डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा द्या. माझी जी कामं परत आली, त्यांतली बरीच घरच्यांच्या घाईनं आली आहेत, आणि एक-दोन माझ्या स्वतःच्या.

दिवाळीला गावी जाताना डक्टमधली मुख्य चावी आणि गिझरचा एमसीबी दोन्ही बंद करून जा.

तुमच्या गिझरचा निकाल बादलीवर अवलंबून आहे. चारही वेळा मोजा, पाणी व्हॉल्व्हमधून ठिबकतंय की कव्हरच्या कडेवरून ते टॉर्च मारून बघा, आणि गिझरवरच्या पट्टीवर कुठलं साल छापलंय ते टिपून घ्या. मग त्या प्लंबरला पुन्हा बोलवा आणि कागद त्याच्या हातात द्या.